पुवाला वाट

पत्रिकेत विषय छापलाय ‘त्वचेचे संसर्ग आणि अँटिबायोटिकची निवड’. जंतू कोणते, विषाणू कोणते, हे कोरोनाने आपल्या सगळ्यांना शिकवलंय. त्यात वेळ घालवत नाही. गळू झालं की सगळे विचारतात, “डॉक्टर, कोणती गोळी?” मी विचारतो, आत पू साचलाय का? साचला असेल तर आधी त्याला वाट करून द्यायची. गोळीचं नंतर बघू.

हा माझा ३० वर्षांचा आग्रह आहे. पिकलेल्या गळवाभोवती शरीर स्वतःच कुंपण घालतं. आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून आलेलं औषध कुंपणाशीच अडतं. शिवाय पेनिसिलिनच्या कुळातली औषधं वाढत्या जंतूंवर चालतात, आणि पुवातले कित्येक जंतू वाढायचे थांबलेले असतात. एक ऊसतोड करणारी बाई काखेतलं गळू घेऊन आली, तेव्हा गोळ्यांचे तीन कोर्स होऊन गेले होते. कोयता उचलवत नव्हता, मजुरी बुडत होती. जागा बधिर करून चीर दिली, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आली तेव्हा म्हणाली, “डागदर, राती झोप लागली.”

पहिल्या रांगेतल्या आजी विचारताहेत, पोटीस बांधायचो ते चूक का? नाही आजी, शेक बरोबर होता. टाचणी चूक! (हशा) नाकाजवळचं, वरच्या ओठावरचं गळू तर कुणी पिळूच नका. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो.

पेनिसिलिनचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. ऑक्सफर्ड, १२ फेब्रुवारी १९४१. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे ४३ वर्षांचे पोलीस शिपाई. चेहऱ्यावरच्या जखमेतून संसर्ग पसरला, ठिकठिकाणी पू झाला, एक डोळा काढावा लागला. सल्फाची औषधं हरली होती. त्यांना पेनिसिलिन टोचलं आणि ताप उतरला, जेवण जाऊ लागलं. पण पेनिसिलिन तयार करणाऱ्या फ्लोरी आणि हीटली यांच्या प्रयोगशाळेत साठाच केवढासा! लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यांनाच टोचत होते. पाच दिवसांत तेही संपलं. १५ मार्चला अलेक्झांडर गेले. पुढे १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. ज्या औषधाच्या थेंबाथेंबासाठी एक माणूस गेला, ते आज न कापलेल्या गळवावर ओतलं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं.

तिसऱ्या रांगेतल्या तरुण डॉक्टरांचा हात वर आहे. गळवावर अँटिबायोटिक देऊन पाहणारा २०१६चा अमेरिकेतला अभ्यास ना? वाचलाय मी. को-ट्रायमॉक्सॅझोल दिलेले सुमारे ८० टक्के बरे झाले, औषध नसलेल्या गोळ्या दिलेले सुमारे ७४ टक्के. फरक आहे, मी नाकारत नाही. पण डॉक्टर, दोन्ही गटांची गळवं आधी कापली होती! (टाळ्या)

आणि कापलं म्हणजे तपासायला पू हाती येतो. क्लॉक्सासिलिन, सेफालेक्सिन यांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे एमआरएसए, कल्चरमध्ये सापडतो. मग डॉक्सिसायक्लिन की क्लिंडामायसिन, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. भराभर सांगतो. लहान मुलांच्या तोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या थोड्याच असतील, तर बहुधा म्युपिरोसिनचं मलम पुरतं. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबा मेडिकलमधून परस्पर आणू नका. मधुमेह असेल, ताप असेल, वेदना वाढतच असतील, तर त्याच दिवशी दाखवा.

धावरं राहिलंच! लाल, गरम, पू नसलेलं. तिथे चीर नको, तिथे गोळी हवीच. हे काम बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकसचं, आणि त्याच्यावर साधं पेनिसिलिन अजून चालतं. आराम पडत असेल तर पुष्कळदा पाच दिवस पुरतात. घरी गेल्यावर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. गोळ्या सुरू होऊन दोन दिवस झाले तरी लाली रेघेबाहेर सरकतच असेल, तर ती रेघ दाखवायला या.