श्वास अडवणारे विष

मंडळी, आपले घाटघर नाणेघाटाच्या माथ्यावर. खाली कोकण, पुढे समुद्र. त्या समुद्रात केंड नावाचा मासा असतो. डिवचला की टम्म फुगतो. त्याच्या काळजात आणि गाबोळीत विष असते. काही शिंपल्यांतही ते सापडले आहे. शिजवले तरी ते जात नाही.

जपानच्या ताहारा यांनी १९०९ साली या विषाला नाव दिले. १९६४ साली नाराहाशी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचे काम दाखवले. हे विष मज्जातंतूंतला निरोप अडवते. श्वास घे, हा निरोप छातीला पोचत नाही. माणूस शुद्धीवर असतो, पण श्वास थांबतो.

समुद्राची गोष्ट आम्ही डोंगरात का सांगतो? कारण मण्यार! तिचे विष वेगळे, पण तेही निरोपच तोडते. जमिनीवर निजलेल्याला ती रात्री चावते. फारसे दुखत नाही, सूज नाही. मग पोट दुखते, पापण्या मिटतात, गिळवत नाही. आपण म्हणतो, “बाहेरचं काही असेल.” अंगारा लावतो. त्यातच वेळ जातो.

केंडाच्या विषावर उतारा नाही. तरी यंत्राने श्वास चालू ठेवला, तर रोगी वाचू शकतो. मण्यारीच्या विषावर तर लसही आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे कितीतरी रोगी वाचवले आहेत.

तेव्हा मच्छरदाणी खोचून निजा. शंका आली, की लगेच दवाखाना गाठा. वाटेत श्वास थांबला, तर तोंडाने श्वास देत राहा. उशीर मात्र करू नका.