मातब्बर खेळाडू आणि शिस्त



संघातला सर्वांत मातब्बर खेळाडूच संघाला नडू लागला, तर त्याला बाहेर बसवावे काय? प्रश्न खेळाचा दिसतो खरा. पण शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, जेथे म्हणून चार माणसे मिळून काम करतात, तेथे तो उभा राहतोच. आज आम्ही क्रिकेटमधील एका घडलेल्या गोष्टीवरून त्याचा विचार करणार आहोत.

१९८४ च्या डिसेंबरात दिल्लीस इंग्लंडविरुद्ध दुसरा कसोटी सामना चालू होता. मुंबईचा पहिला सामना भारताने जिंकला होता. शेवटच्या दिवशी काम एवढेच होते, की टिकून राहावे आणि सामना अनिर्णित ठेवावा. अशा वेळी मुंबईचे संदीप पाटील ४१ धावांवर उंच फटका मारून झेलबाद झाले. कपिलदेव यांनी एक षटकार ठोकला आणि लगेच तसाच फटका मारण्याच्या नादात तेही झेल देऊन परतले. इंग्लंडने सामना आठ गडी राखून जिंकला. दोघेही १९८३ च्या विश्वचषकाचे मानकरी. कपिलदेव तर त्या संघाचे कप्तान. तरीही पुढच्या कलकत्त्याच्या सामन्यातून दोघांनाही वगळण्यात आले.

अपराध एक, शिक्षा एक. येथपर्यंत कोणी बोट दाखवू नये. पण पुढे काय झाले?

कलकत्त्यास प्रेक्षकांनी कपिलच्या नावाचा घोष केला आणि कप्तान सुनील गावसकर यांच्यावर राग काढला. मद्रासच्या पुढच्याच सामन्यात कपिलदेव संघात परतले. १९७८ ते १९९४ या काळात ते १३१ कसोटी सामने खेळले. मधला हुकला तो हा एकच. संदीप पाटील मात्र पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. कलकत्त्यास नवखे अझरुद्दीन उतरले, त्यांनी पदार्पणातच ११० धावा काढल्या, आणि पुढच्या दोन्ही सामन्यांत शतके केली. मँचेस्टरला १९८२ साली विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणाऱ्या फलंदाजाची दिल्ली ही अखेर ठरली.

कोणी म्हणेल, नवा गडी सरस निघाला, यात अन्याय कसला? म्हणणे रास्त आहे. सरस गड्याला जागा मिळालीच पाहिजे. परंतु शिक्षा कोठे संपली आणि गुणांची पारख कोठे सुरू झाली, हे शिक्षा भोगणाऱ्याला कळावयास नको काय? मुदत नसलेली शिक्षा थोरामोठ्यांना आठवडाभर पुरते आणि त्यांच्याहून लहानाला जन्मभर.

याच्या उलट एक अलीकडचे उदाहरण पाहा. २०२४ च्या फेब्रुवारीत क्रिकेट मंडळाने मुंबईच्या श्रेयस अय्यर यांना वार्षिक करारातून वगळले, आणि खेळाडूंनी देशांतर्गत सामन्यांना मान द्यावा, असे बजावले. म्हणजे परतीची वाट कोणती, हे उघड झाले. मार्चमध्ये विदर्भाविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात त्यांनी दुसऱ्या डावात ९५ धावा केल्या, मुंबईने करंडक जिंकला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांचा करार पुन्हा झाला.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. मातब्बराला शिक्षा जरूर करावी. नाहीतर बाकीच्यांनी कष्ट का करावेत? पण कारण तोंडावर सांगावे, मुदत सांगावी, आणि काय केले असता परत घेऊ तेही सांगावे. आणि ही वाट ज्याच्या नावाचा गलका होतो त्याला आणि ज्याच्या नावाचा होत नाही त्यालाही सारखीच मोकळी असावी.

उद्या आपल्या गावच्या कबड्डी संघात एखाद्या पट्टीच्या चढाईवाल्याला बाहेर बसवण्याचा प्रसंग आला, तर कप्तानाच्या पाठीशी उभे राहा. त्याच्याबरोबर दुसराही कोणी बाहेर बसला असेल, तर महिन्याभराने त्याचीही चौकशी करा. संघाची शिस्त जशी कप्तानाच्या हाती, तसा तिचा न्याय आपणां प्रेक्षकांच्या हाती असतो.