ओढा लहान, काठी किती फुटी?



मासे गरवण्याचा नाद मला वडिलांकडून मिळाला. कोकणातल्या आमच्या वहाळावर ते चिव्याची काठी, हातभर दोरा, एक गरी आणि मूठभर गांडुळे एवढ्या सामग्रीवर बसत. काठी किती लांब असावी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बेटात जी सरळ मिळेल ती काठी. मला मात्र त्या प्रश्नाने एकदा चांगलेच रडवले.

मी बोलणार आहे ट्राउट माशाविषयी. हा थंड पाण्याचा जीव. पाणी वीस अंश सेल्सियसच्या वर तापू लागले, की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि हा मासा कष्टी होतो. त्यामुळे सह्याद्रीच्या ओढ्यांत तो तुम्हांला मिळावयाचा नाही. काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड मुलखांत साहेबांच्या अमदानीत त्याची अंडी बाहेरून आणली गेली आणि तिथे तो रुजला. कुलू जिल्ह्यातली तीर्थन नदी त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. गुशैणी गावापाशी तिला फलाचन नावाचा प्रवाह मिळतो. माझी फजिती झाली ती त्याच परिसरातल्या एका अरुंद ओढ्यावर.

हा मासा पाण्यावर पडणारे किडे टिपतो. म्हणून गरीवर पिसे आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवतात. आता गंमत पाहा. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे असते. ते फेकले की दोरी मागोमाग जाते. पण पिसाची माशी फेकणार कशी? तिला वजनच नाही. म्हणून इथे वजन दोरीला दिलेले असते आणि दोरीच फेकावयाची असते. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा. तो आधी मागे पूर्ण उलगडतो, मगच पुढे कडाडतो. ही दोरीही तशीच मागे सरळ व्हावी लागते. म्हणजे तुमच्या पाठीमागे आणि डोक्यावर मोकळी जागा हवी.

मी दोन वर्षे पैसे बाजूला टाकून काठी घेतली. दुकानदार म्हणाला, “नऊ फुटी घ्या, सगळीकडे चालते.” मी घेतली. परवाना काढला, बरोबर अकरा वर्षांचा मुलगा. त्याला मासा दाखवण्याचे वचन देऊन बसलो होतो. ओढा जेमतेम दहाबारा फूट रुंद, दोन्ही काठांवर अल्डरची झाडे, फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. नऊ फुटांची काठी आणि वर उचललेला हात, म्हणजे तिचे टोक चौदा फुटांवर. फांद्या दहा फुटांवर. दुपारपर्यंत पाच माश्या झाडांना अर्पण झाल्या. पोरगा आधी हसला, मग गप्प झाला. त्याचे ते गप्प होणे मला फार लागले.

तुम्ही म्हणाल, मग आखूड काठी घ्यावी, सरळ हिशेब आहे. पण तो तितका सरळ नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तीर्थनच्या उघड्या पात्रावर गेलो. तिथे हीच काठी सोन्यासारखी वागली. ओढ्याच्या मधल्या धारेला वेग असतो आणि कडेच्या पाण्याला नसतो. दोरी मधल्या धारेवर पडली की ती वाहत जाते आणि माशीला फरफटत नेते. खरा किडा असा फरफटत नाही, हे ट्राउटला पक्के ठाऊक असते. लांब काठीने दोरी धारेच्या वर उचलून धरता येते. फक्त शेवटचा बारीक तंतू पाण्याला टेकतो. जपानातले डोंगरी कोळी तर टेंकारा नावाच्या पद्धतीत रीळ न लावता अकरा ते तेरा फुटांची काठी लहान ओढ्यांवर वापरत आले आहेत. इंग्लंडात चार्ल्स कॉटनने 1676 मध्ये पाच-सहा यार्डांची, म्हणजे पंधरा ते अठरा फुटांची काठी सांगितली होती.

तेव्हा ओढा अरुंद आहे एवढ्यावरून निर्णय करू नये. डोक्यावर छत आहे की आकाश, हे आधी पाहावे. फांद्या दाट असतील तर सहा ते सात फूट. आकाश मोकळे असेल तर साडेआठ, नऊ. दोन्ही प्रकार भेटणार असतील आणि एकच काठी परवडत असेल, तर साडेसात फूट. हे माझे मत. जाणकारांत यावर भांडणे आहेत.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो; तरफ शिकवताना ती उपयोगी पडेल. या दोऱ्यांना क्रमांक असतात आणि ते पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतात. चार नंबरच्या दोरीचे तीस फूट साधारण पावणेआठ ग्रॅम भरतात. लहान ओढ्यावर मात्र दहापंधरा फूटच दोरी बाहेर असते आणि टोकाकडे ती निमुळती असते. म्हणजे काठी वाकवायला निम्म्याहूनही कमी वजन! ताठ काठी त्याला दाद देत नाही, मग माणूस जोर लावतो आणि सगळे बिघडते. म्हणून काठी मऊ घ्यावी, किंवा तीन नंबरच्या काठीवर चार नंबरची दोरी चढवावी.

आणि फांद्यांत अगदीच अडकलात, तर माशीची गरी जपून चिमटीत धरा, काठी धनुष्यासारखी वाकवा आणि सोडा. माशी बाणासारखी जाते. यासाठी आखूड काठी हाताळायला बरी. फक्त बोट सांभाळा. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

हलकी काठी म्हणून मासा फार वेळ खेळवत बसू नये. परत सोडायचा मासा दमून अर्धमेला झाला, तर सोडून उपयोग काय?

पुढच्या खेपेस मी साडेसात फुटी, चार नंबरची, चार तुकड्यांची काठी नेली. ती पिशवीत मावते. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची धरबंदी असते, म्हणून मार्च उजाडल्यावर गेलो. त्याच अल्डरच्या ओढ्यावर मुलाने वीतभर लांबीचा, तांबड्या ठिपक्यांचा मासा काढला, ओल्या हातांनी धरला आणि मला न विचारताच सोडून दिला. नऊ फुटी काठी मी विकलेली नाही. तीर्थनच्या मोठ्या पात्रावर ती आता तोच वापरतो.