‘आवड’ या शब्दाचा अर्थ

‘आवड’ हा शब्द नित्याच्या बोलण्यातला. म्हणूनच त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘मला मोदक आवडतो’ या वाक्यात कर्ता कोण? ‘मी’ नव्हे, मोदक. क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते: खीर आवडते, लाडू आवडतात. कोकणीतील ‘म्हाका आवडटा’ आणि कानडीतील ‘ननगे इष्ट’ यांतही माणूस ‘मला’ याच रूपाने येतो.

संस्कृतातील ‘रुची’ ज्या धातूपासून झाली, त्या ‘रुच्’ धातूचे अर्थ दोन: प्रकाशणे आणि आवडणे. ज्याला वस्तू रुचते त्याला पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाच्या 33 व्या सूत्रात ‘संप्रदान’ ही संज्ञा दिली. दान ज्याला द्यावयाचे, त्याचीही संज्ञा हीच. या सूत्रावर काशिकावृत्तीने देवदत्ताला मोदक रुचल्याचे उदाहरण दिले. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत मात्र हरीला भक्ती रुचते, असे उदाहरण आहे. मोदकाच्या जागी भक्ती आली आणि देवदत्ताच्या जागी प्रत्यक्ष हरी.

या पालटात मोठा बोध आहे. एखाद्याला पालखी आवडते, एखाद्याला भजन, एखाद्याला पंगत. यात दोष नाही. परंतु आवड पक्षपाती असते. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण तेच सांगते. कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगितला, तोही याच विवेकासाठी. उत्सवात पालखीला खांदा द्यावयास पुष्कळ जण पुढे होतात. पंगत उठल्यावर उष्टी काढावयास थोडे. तेथे ‘मला काय आवडते’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘हरीला काय आवडते’ हा प्रश्न विचारावा लागतो. त्याचे उत्तर गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. भगवंताला कोण प्रिय, हे सांगताना तेथे धनाचा वा थाटाचा उल्लेख नाही. अद्वेष, मैत्री, करुणा, क्षमा आणि समत्व यांचा आहे.

आणखी एक गोष्ट. आवडणाऱ्या माणसाकडे कर्तेपण नाही, म्हणून आवड आज्ञेने उत्पन्न होत नाही. मुलांना ‘मठाची आवड धरा’ असे सांगून ती धरली जात नाही. वडीलधाऱ्यांच्या आचरणात सेवेचे तेज दिसले, तर तीच सेवा मुलांना रुचू लागते. ‘रुच्’ धातूचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतात. वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक भक्ताने एक तरी सेवा स्वतःच्या आवडीसाठी नव्हे, तर हरीच्या आवडीसाठी पत्करावी.