बंद यंत्रातली वीज



नांदेड-लातूरचा उन्हाळा तुम्हांस ठाऊकच आहे. वैशाखात पारा 40 अंशांच्या वर जातो. पूर्वी वाळ्याचे पडदे होते, मग कूलर आले. आता लोहा, औसा अशा गावांतूनही एसी दिसू लागले आहेत.

कधी एसीचे बाहेरचे यंत्र नुसते घूं घूं करते, सुरू काही होत नाही. पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो. आपण त्याला कंडेन्सर म्हणतो. हा लहान डबीसारखा भाग असतो. मोटर सुरू व्हायला तो जोर देतो. पंख्यातही तो असतो, बोअरच्या पेटीतही असतो. बिघडला की कधी फुगतो, तर कधी वरून धडधाकट दिसतो.

आता नीट ऐका. नळ बंद केला म्हणून रांजणातले पाणी नाहीसे होते का? नाही. तसेच बटण बंद केले तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती जीवही घेऊ शकते.

म्हणून एसीचा कंडेन्सर स्वतः बदलू नका. जाणत्या मिस्त्रीस बोलवा आणि त्याचे काम पाहा.

पहिले, रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. मेन स्विच पाडावा. तो कोणी चालू करू नये म्हणून तेथे माणूस उभा करावा.

दुसरे, साठलेली वीज उतरवावी. चांगला मिस्त्री तारेच्या जुन्या बल्बातून ती उतरवतो, मग मीटर लावून खात्री करतो. पेचकस आडवा लावून ठिणगी पाडणारा धाडसी नव्हे, बेफिकीर समजावा.

तिसरे, कोणती तार कुठे होती, हे कागदावर लिहून घ्यावे.

चौथे, नव्या कंडेन्सरवरचे आकडे वाचावेत. मायक्रोफॅरड जुन्याइतकेच हवेत. व्होल्ट तितकेच किंवा जास्त चालतील. कमी मुळीच नको.

मायक्रोफॅरड हे नाव मायकेल फॅरडे यांच्यावरून पडले. 1791 साली इंग्लंडात एका लोहाराच्या घरी ते जन्मले. पुस्तक बांधणीच्या दुकानात ते उमेदवारी करीत. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले आणि मोठे शास्त्रज्ञ झाले.

तुम्हांलाही आता अक्षरे आली, आकडे आले. दुकानदार म्हणेल, "कोणताही चालतो, घेऊन जा." तेव्हा डबी हातात घ्या आणि स्वतः वाचा.

आणि कोणास विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, मग 108 ला फोन करा.