डोळ्यांतले पाणी आणि मनाची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



डोळ्यांतले पाणी म्हटले की आपणांस रडणे आठवते. पण न रडताही ते अखंड झिरपत असते आणि पापणी लवताच बुबुळावर सारवणासारखे पसरते. त्यात वर तेलाचा अंश, मधे पाणी आणि तळाशी बुळबुळीत थर असतो. यांपैकी एकही उणा पडला की डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. आपल्या संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास वाढतो, आणि पाळी गेलेल्या बायकांना तर तो अधिकच होतो.

मी बरीच वर्षे परिचारिकेचे काम केले. या त्रासाचे एक कारण घराघरांत झाकून ठेवले जाते, ते मला आज सांगावयाचे आहे. ते म्हणजे मनाच्या उदासीनतेवरील गोळी. अमिट्रिप्टिलीन हे १९६१ साली अमेरिकेत विक्रीस आलेले औषध. अर्धशिशीवर आणि नसांच्या दुखण्यावरही ते देतात. मज्जातंतूंच्या ज्या संदेशाने लाळ व अश्रू सुटतात, तो हे औषध अडविते. म्हणून तोंड आणि डोळे दोन्ही सुकतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या नंतरच्या गोळ्यांत हा दोष कमी. तरी त्या घेणाऱ्यांतही डोळ्यांचा कोरडेपणा आढळतो.

मग गोळी सोडावी काय? मुळीच नाही! ती एकाएकी बंद केल्यास चक्कर येते, झोप उडते आणि मूळ दुखणे उलटू शकते.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना मनाची गोळी कशाला सांगायची?" असे म्हणणाऱ्या पुष्कळ भगिनी मला भेटल्या. पण सांगितल्यावाचून त्यांना कारण कळावे कसे? कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे ठेवून अश्रू किती येतात ते मोजता येते. मग ते योग्य थेंब देतात. मनाचे डॉक्टर जरूर तर मात्रा कमी करतात वा गोळी बदलतात. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. डोळा अचानक ठणकला आणि अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या घाटी रुग्णालयात डोळ्यांचा आणि मनोविकारांचा असे दोन्ही विभाग आहेत. मन फार खचले तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

भगिनींनो, रक्तदाबाची गोळी आपण चारचौघींत घेतो. मनाचीही तशीच घ्यावी, आणि डॉक्टरांपुढे पिशवीतली सर्व औषधे मोकळेपणी मांडावीत, एवढीच माझी विनंती.