कामाची ओळख आणि कामावरचा हक्क
(घाटकोपर येथे तरुण व त्यांच्या पालकांपुढे केलेले भाषण)



अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्या वस्त्यांतील काही मुलेमुली आज संकेतस्थळाची दर्शनी बाजू घडविण्याचा, म्हणजे फ्रंट-एंडचा, व्यवसाय करीत आहेत. पडद्यावर आपणांस जी अक्षरे, रकाने आणि बटणे दिसतात, ती यांच्या हातची होत. एचटीएमएल मजकुराची रचना करते, सीएसएस त्यास रूप देते व जावास्क्रिप्ट त्यास चालना देते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र विनामूल्य सर्वांस खुले केले. तेव्हा ही विद्या कोणाचे वतन नव्हे.

नोकरी मागताना या तरुणास आपली पार्श्वभूमी, केलेली कामे आणि आवडी यांचे एक पान मांडावे लागते. त्या तिन्हींविषयी एक वकील या नात्याने मला बोलावयाचे आहे.

पार्श्वभूमी म्हणजे शिक्षण आणि कौशल्य. या पानावर जात लिहिण्याची काहीच आवश्यकता नाही. राखीव सरकारी जागेची गोष्ट निराळी. तेथे दाखला लागतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत १९९० साली स्थान मिळाले. तो हक्क घेताना कोणी संकोच करू नये.

दुसरी गोष्ट कामांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, मालकच असतो. म्हणून कंपनीचे काम आपल्या पानावर मांडण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याचा हक्क दुसऱ्याकडे जावयाचा तर लेखी व सहीचे हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तसेच, नोकरी सोडल्यावर हा धंदाच करू नये, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचा, एवढेच माझे सांगणे आहे. न वाचता केलेल्या सह्यांपायी आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ गमावले आहे.

तिसरी गोष्ट आवडीची. आवड अशी असावी की जिचा दुसऱ्यास उपयोग होईल. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग ठरविला. तो प्रश्न दृष्टिहीनांनी आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांनी नेला होता. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविण्याची अट त्यांच्या आड येत होती. चित्रास शब्दांत वर्णन जोडणे, पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद करणे, ही कामे लहान दिसतात. परंतु त्यांच्यामुळेच वाचन करणारे यंत्र अंध माणसास ते पान नीट वाचून दाखविते. ज्याच्यासाठी दार बंद होते त्याला दाराची किंमत कळते. आपल्या मुलांनी घडविलेले दार कोणासही बंद नसावे.

पालकहो, मुलगी रात्री संगणकापुढे बसली तर तिला दिवा मालवावयास सांगू नका. ती काय घडवीत आहे, ते तिला विचारा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम!